तळघरातली गाणी

आपल्या सोसायटीतली चार मुलं घरीच गाणी रेकॉर्ड करतात. त्याबद्दल कमिटीकडे तक्रार गेली, तेव्हा मला १९६७ सालची हकीकत आठवली. मोटारसायकलच्या अपघातानंतर बॉब डिलन न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकला राहत होता. जवळच त्याच्या साथीदारांनी एक गुलाबी घर भाड्याने घेतलेलं. आधी डिलनच्या घरी, मग या घराच्या तळघरात मंडळी जमू लागली. सिमेंटच्या भिंती, शेजारी घर गरम ठेवणारी लोखंडी भट्टी; आवाजाच्या दृष्टीने जागा अगदीच वाईट! ऑर्गन वाजवणारा गार्थ हडसनच टेपरेकॉर्डरही सांभाळी. चुकलं तर हसायचं, की पुन्हा सुरू. अशी शंभरावर गाणी झाली. त्यातलं ‘माइटी क्विन’ मॅनफ्रेड मॅन या इंग्रज बँडने वाजवलं आणि १९६८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. मूळ टेप मात्र घरातच! १९६९ मध्ये त्यातल्या काही गाण्यांची चोरटी तबकडी बाजारात आली. अधिकृत अल्बम निघायला १९७५ उजाडलं.

तक्रारीवर माझीही सही होती. ती मी मागे घेतली आहे. रात्री दहानंतर ड्रम नको, एवढं मात्र मुलांना सांगितलंय.