हवा हवी, आवाज नको : पंख्याच्या सायलेन्सरची दीडशे वर्षे

चेन्नईत मे महिन्याच्या रात्री खोली बंद करून झोपणे कठीण असते. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि कोंदलेली हवा बाहेर घालवल्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणून भिंतीतला एक्झॉस्ट फॅन रात्रभर फिरत राहतो आणि त्याची घरघरही रात्रभर चालते. पंखा बंद केला तर हवा जाते. सुरू ठेवला तर झोप जाते. हा पेच घरगुती वाटला तरी त्याच्या मुळाशी ध्वनिशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे. ज्या वाटेने हवा जाते, त्याच वाटेने आवाजही जातो. मग एकीला मोकळी वाट देऊन दुसऱ्याला अडवायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर आज प्लायवूडच्या एका पेटीत मावते. थोडी सुतारकी येणारा माणूस ती घरी बनवू शकतो. मात्र त्या पेटीची लांबी, रुंदी, आतले अस्तर आणि वळणे यांतली प्रत्येक गोष्ट कोणीतरी कधीतरी शोधून काढलेली आहे. त्या शोधांचा एक धागा चेन्नईच्या मरीना किनाऱ्यापर्यंत पोहोचतो.

१९०३ साली चंद्रशेखर वेंकट रामन हा मुलगा मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला. विद्यार्थिदशेतच त्याच्या हाती हेल्महोल्ट्झच्या ‘स्वरसंवेदना’ या विषयावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर आले. आपल्यावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या मोजक्या पुस्तकांत रामन यांनी पुढे त्याची गणना केली. त्याच महाविद्यालयात अप्पाराव नावाच्या सहाध्यायाला कंपित तारेच्या प्रयोगात, म्हणजे मेल्डेच्या प्रयोगात, न उलगडणारी निरीक्षणे मिळत होती. रामन यांनी लॉर्ड रॅले यांचे ध्वनिविषयक लेखन वाचून त्या कोड्याचा वेध घेतला. नोबेल पारितोषिक मिळवून देणारे प्रकाशाचे संशोधन नंतरचे. त्याआधी या शास्त्रज्ञाचे कान आवाजाकडे लागले होते. व्हायोलिन आणि मृदंग यांवरील त्यांचे काम त्याच ओढीतून झाले.

हेल्महोल्ट्झचा तो जर्मन ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेले अनुनादक हे साधे पोकळ गोळे होते. आत हवा आणि तोंडाशी एक अरुंद मान, एवढीच त्यांची रचना. मानेतली हवा वजनासारखी आणि पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. त्यामुळे असा गोळा एका ठरावीक वारंवारतेलाच प्रतिसाद देतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर निघणारा सूर याच नियमाने येतो. हेल्महोल्ट्झने या गोळ्यांचा उपयोग मिश्र आवाजातून एकेक सूर निवडण्यासाठी केला. पुढे अभियंत्यांनी तीच युक्ती उलटी वापरली. नळीच्या बाजूला अशी पोकळी जोडली की नळीतून जाणाऱ्या आवाजातला नेमका तो सूर ती अडवते आणि हवा सरळ पुढे निघून जाते.

हे शक्य होते, कारण वारा आणि ध्वनी यांची चाल वेगळी आहे. वाऱ्यात हवेचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला खरोखर जातात. ध्वनीत ते जवळजवळ जागच्या जागी पुढेमागे हलतात आणि दाबाचा चढउतार तेवढा पुढे सरकतो. सायलेन्सरची सारी विद्या या एका फरकावर उभी आहे. लाटेला परत फिरवता येते, दुसऱ्या लाटेशी भिडवून विझवता येते, मऊ पदार्थात जिरवता येते. प्रवाहाला यातले जवळपास काहीच बाधत नाही. त्याला फक्त पुरेशी रुंद वाट हवी असते.

लाट जिरवण्याची गोष्ट हार्वर्ड विद्यापीठात घडली. तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि श्रोत्यांना काही कळत नसे. १८९५ साली हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सेबाईन या तरुण प्राध्यापकावर सोपवले गेले. परिसर शांत झाल्यावर, रात्री, तो जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणी, व्याख्यानगृहात मांडी, ऑर्गनची एक नळी वाजवी आणि आवाज विरायला लागणारा वेळ घड्याळाने मोजी. पहाट होण्याआधी गाद्या पुन्हा जागेवर जात. या मोजमापांतून त्याला एक साधे सूत्र मिळाले : घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आवाज जिरवणे ही मोजता येणारी, आधीच हिशेब करता येणारी गोष्ट आहे, हे या उसन्या गाद्यांनी सिद्ध केले.

‘सायलेन्सर’ हा शब्द मात्र बंदुकीच्या वाटेने लोकांपर्यंत पोहोचला. मशीनगनचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम तोफाबंदुकांच्या सहवासात बहिरा झाला होता. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले. नळीतून सुसाट सुटणाऱ्या वायूंना पडद्यांमागून पडद्यांत फिरवून त्यांचा जोर हळूहळू ओसरू द्यायचा, ही त्यातली कल्पना. त्याच्या कंपनीने पुढे बंदुकांचे काम सोडले आणि इंजिने व यंत्रे शांत करण्याकडे लक्ष वळवले. खिडकीत बसवण्याचे असे एक पंख्याचे यंत्रही तिने बाजारात आणले, जे ताजी हवा गाळून आत घेई आणि रस्त्याचा गोंगाट बाहेर ठेवी. चेन्नईच्या खोलीतला पेच न्यूयॉर्कच्या खोलीतही होता, एवढाच याचा अर्थ.

मग सिद्धान्त आला. १९२२ साली अमेरिकेत जी. डब्ल्यू. स्टुअर्ट यांनी नळ्या आणि पोकळ्या यांच्या मालिकेतून ध्वनीची गाळणी तयार करता येते, हे मांडले. १९४० साली हेल सेबाईन यांनी वातायनाच्या नलिकांना आतून अस्तर लावल्यास आवाज किती घटतो, याचे सूत्र दिले. त्यातली एक गोष्ट घरगुती कारागिरालाही उपयोगी आहे : घट ही वाटेच्या परिमिती आणि क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. ३० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी वाटेचे अस्तर लावलेल्या पट्ट्यांनी तीन अरुंद भाग केले, तर हवेला जागा जवळपास तेवढीच राहते, पण आवाजाला अस्तराचा स्पर्श दुप्पट होतो. १९५४ साली अमेरिकेच्या विमानविद्या सल्लागार समितीने, म्हणजे नासाच्या पूर्वसुरी संस्थेने, मफलरांवरचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. अरुंद नळी अचानक रुंद पेटीत उघडली की लाटेचा मोठा भाग मागे परततो, हे गणित त्यात प्रयोगांनी पडताळलेले आहे.

भारतात या विद्येला धार आली ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. प्राध्यापक मनोहरलाल मुंजाल यांनी १९७०च्या दशकापासून नलिका आणि मफलर यांच्या ध्वनिगणितावर काम केले. १९८७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या विषयात जगभर वापरला जातो. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. त्या काळातला मोठा प्रश्न होता डिझेल जनरेटरचा. १ जानेवारी २००५ पासून बनणाऱ्या, १००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरचा आवाज त्याच्या आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे बंधन आले. जनरेटरला पेटीत कोंडले की आवाज अडतो, पण इंजिन तापते. त्याला थंड ठेवायला पंखा हवा, हवेला आतबाहेर वाट हवी, आणि त्या वाटेनेच आवाज सुटतो. म्हणून या पेट्यांच्या हवेच्या तोंडांशी अस्तर लावलेल्या समांतर पट्ट्यांचे सायलेन्सर बसवले जातात. २०१२ साली तमिळनाडूत विजेची तीव्र टंचाई होती आणि चेन्नईतही रोज दोन तासांचे भारनियमन होते. दुकानांपुढे, इमारतींच्या आवारात जनरेटर धडधडत असताना त्या आकड्याची किंमत शहराला कळली.

आता घरच्या पंख्याकडे परत येता येईल. सहा पाती असलेला आणि मिनिटाला १४०० फेरे घेणारा पंखा सेकंदाला १४० वेळा हवेला धक्का देतो. त्याचा मूळ सूर म्हणून १४० हर्ट्झचा. उकाड्याच्या रात्री हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. म्हणजे या सुराची तरंगलांबी अडीच मीटर. दोन इंच स्पंज चिकटवून अनेकांची निराशा होते, त्याचे कारण इथे आहे. अडीच मीटरच्या लाटेला पाच सेंटिमीटरचे अस्तर जाणवतही नाही. तेच अस्तर पात्यांच्या सळसळीतले २००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर मात्र सहज जिरवते, कारण त्यांची तरंगलांबी जेमतेम १७ सेंटिमीटर असते.

खालच्या सुरासाठी पेटीची लांबी कामी येते. ती तरंगलांबीच्या पावपट, म्हणजे ६० ते ६३ सेंटिमीटर असावी. १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीला ४० सेंटिमीटर बाजूची चौकोनी पेटी जोडली, तर पेटीचे क्षेत्रफळ नळीच्या नऊपट होते आणि कागदावरच्या हिशेबाने त्या सुरात सुमारे १३ डेसिबलची घट मिळते. पेटी चौपटच रुंद ठेवली तर घट साडेसहा डेसिबलवर येते. आत पाच सेंटिमीटर रॉकवूल, त्यावर कापड आणि छिद्रांचा पत्रा, आणि समोरासमोरची तोंडे एका रेषेत येणार नाहीत असे एखादे वळण, म्हणजे वरचे स्वरही आटोक्यात येतात. पंखा भिंतीला घट्ट न आवळता रबरावर बसवायचा आणि पेटीला कॅनव्हासच्या बाहीने जोडायचा, नाहीतर आवाज हवेऐवजी लाकडातून प्रवास करतो. फटी बुजवणे तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. पेटीच्या पृष्ठभागाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी भिंती कितीही जाड असोत, २० डेसिबलपेक्षा जास्त अडवणूक होत नाही.

याहून मोठा लाभ पंखा निवडतानाच मिळतो. पंख्याचा आवाज त्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. वेग निम्मा केला की सुमारे १५ डेसिबल कमी होतात, पण हवाही निम्मी होते. मग व्यास सव्वापट केला तर हवा पूर्ववत होते आणि आवाज तरीही सुमारे ८ डेसिबलने कमी राहतो. अट एकच : अशा संथ पंख्याची ढकलण्याची ताकद मूळच्या चाळीस टक्क्यांवर येते. त्यामुळे सायलेन्सरमधली वाट कुठेही नळीपेक्षा अरुंद असता कामा नये.

चेन्नईची हवा काही अटी आपणहून घालते. दमटपणाने अस्तराला बुरशी धरते आणि खारा वारा पत्रा खातो. म्हणून अस्तर काढून बदलता येईल अशी सोय लागते. तमिळनाडूत विपुल मिळणारा काथ्याही मध्यम आणि वरचे स्वर चांगले शोषतो, पण तो ज्वलनशील आहे. स्वयंपाकघरातल्या पंख्यावर तेलाचा थर साचतो, तिथे काथ्या किंवा स्पंज लावणे म्हणजे आगीला निमंत्रण. गॅस गीझरचा धूर बाहेर नेणाऱ्या वाटेत तर कोणताही अडथळा घालायचा नसतो. तिथे प्रश्न झोपेचा नसून जिवाचा असतो.

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल, ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली. २०११ साली राष्ट्रीय ध्वनिमापन जाळे सुरू झाले तेव्हा पहिल्या सात शहरांत चेन्नई होते. दहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, महासाथीच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खिडक्या उघड्या ठेवण्याचे आणि एक्झॉस्ट फॅन चालवण्याचे आवाहन केले. एक सूचना शांतता मागते, दुसरी हवा मागते आणि दोन्ही त्याच एका भिंतीतल्या भोकाशी येऊन ठेपतात. ज्याला वातानुकूलन परवडते, तो खिडकी लावून घेऊ शकतो. ज्याला परवडत नाही, तो गोंगाट असह्य झाला की पंख्याचे बटण बंद करतो, आणि त्याबरोबर घरातली ताजी हवाही बंद होते. त्या दोघांतले अंतर कमी करायला फार काही लागत नाही : प्लायवूडचे काही तुकडे, थोडे रॉकवूल, एक मोजपट्टी आणि पावपट तरंगलांबीचा हिशेब.

#ध्वनिशास्त्र #विज्ञानाचा_इतिहास #चेन्नई