ऋतुकाळाचं गणित: पुढून मोजायचं की मागून?

मंडळी, जुन्नर तालुक्यातल्या लेण्याद्रीला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. तिथल्या गणपतीचं नाव गिरिजात्मज, म्हणजे गिरिजेचा, पार्वतीचा मुलगा. हा पुत्र व्हावा म्हणून पार्वतीने याच डोंगरात १२ वर्षं तप केलं, अशी कथा आहे. मूल होण्याची वाट पाहणं देवीलाही चुकलं नाही, हा त्यातला दिलासा. पण 'दिवस कोणते?' हा प्रश्न उरतोच.

जुन्या ग्रंथांनी तो मोजून सोडवायचा प्रयत्न केला. मनुस्मृती पाळी सुरू झाल्यापासून १६ रात्रींना ऋतुकाळ म्हणते. त्यातल्या पहिल्या ४ वर्ज्य, शिवाय ११वी आणि १३वीही वर्ज्य. आता बघा, पाळी २८ दिवसांनी येत असेल तर स्त्रीबीज साधारण १४व्या दिवशी सुटतं. म्हणजे तो दिवस या हिशेबात बसतो, पण वर्ज्य ठरलेल्या दोन रात्रीही ऐन मोक्याच्या दिवसांतच येतात! आणि जिची पाळी ३५ दिवसांनी येते तिचं काय? तिचं बीज २१व्या दिवसाच्या आसपास सुटणार. तिचे खरे दिवस येईपर्यंत शास्त्राचा ऋतुकाळ संपत आलेला. चूक गणिताची, आणि वांझ म्हणून बोल मात्र तिला.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. १९व्या शतकातले बरेच डॉक्टर मानायचे की पाळीच्या आगेमागेच गर्भ राहतो. जनावरांच्या माजावरून काढलेला हा अंदाज. तो साफ उलटा होता. १९२४ साली जपानचे डॉ. ओगिनो आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे, साधारण १४ दिवस.

मराठीत असं उघड बोलायची सोय केली र. धों. कर्व्यांनी, १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू कोर्टात लढवली. खटला हरले, दंड झाला, मासिक थांबलं नाही.

पुढे १९९५ साली अमेरिकेतल्या विल्कॉक्स यांच्या अभ्यासाने नक्की केलं, की बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे ५, असे ६ दिवसच गर्भधारणेचे. कारण शुक्रजंतू ५ दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. आज मंचरच्या किंवा नारायणगावच्या मुलीला लघवीच्या पट्टीवरून ते दिवस ओळखता येतात. पाळी अनियमित असेल तर मात्र पट्टीही चकवते, तेव्हा डॉक्टरच गाठावा.

आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी दोघांची व्हायला हवी. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर ६ महिन्यांतच. पुरुषाची तपासणी सोपी असते, स्वस्त असते, आणि तरीही आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. इतिहासातून एवढं जरी शिकलो तरी पुष्कळ झालं.