राघोबादादा : रंगभूमीवर आणि मावळांत

खंडाळ्याचा घाट चढून लोणावळें मागें टाकलें, कीं डाव्या हातास कार्ल्याचे डोंगर दिसूं लागतात. पुढें कामशेत आणि त्यानंतर वडगांव. आगगाडींतून जाणाराला हा मुलूख पाहतां पाहतां संपतो. याच वाटेनें 1779 च्या जानेवारींत पेशव्यांच्या कुळांतील एक पुरुष इंग्रजी फौजेच्या आश्रयानें पुण्याची सत्ता मिळवावयास निघाला होता. तो रघुनाथराव. मराठी माणसाला तो राघोबादादा या नांवानें ओळखीचा आहे. परंतु ही ओळख इतिहासापेक्षां नाटकाचीच अधिक.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘भाऊबंदकी’ हें नाटक 1909 सालीं रंगभूमीवर आलें. सुरतेस राष्ट्रसभा फुटली त्याला तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. घरांतल्या घरांत चाललेली सत्तेची झुंज पाहतांना प्रेक्षकांच्या मनांत काय येत असेल, हें सांगावयास नको. राघोबाचा दुबळा लोभ, आनंदीबाईची धगधगती महत्त्वाकांक्षा आणि रामशास्त्री प्रभुण्यांचा निर्भय न्याय यांची ती लढत आहे. मॅक्बेथची आठवण कोणासही व्हावी. तेथेंही नवऱ्याच्या मनांतील पापाला बायकोची जीभ लाभते. नाटककाराची अडचण उघड आहे. एका रात्रींत संपणाऱ्या खेळांत माणूस बिघडलेला दाखवावयाचा, तर बिघाडाला एखादा क्षण आणि एखादी कुजबुज हवीच. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका लोकांस इतकी आवडली तीही याचमुळें. ‘धरावें’ चें ‘मारावें’ करणारी एक लेखणी सांपडली, म्हणजे बाकीचे सारे सुटले! आख्यायिकेच्या बाहेर त्या कागदाला आधार नाहीं.

खरा बिघाड एका रात्रीचा नव्हता. 1758 सालीं ज्याच्या सैन्यानें लाहोर घेऊन अटकेपर्यंत धडक मारली, तो रघुनाथराव भ्याड किंवा नालायक कसा म्हणावा? पानिपतानंतर नानासाहेब वारले, पुतण्या माधवराव कोवळ्या वयांत गादीवर बसला आणि कारभार चुलत्याच्या हातीं आला. कर्त्या माणसानें मुलाला सांभाळावें, यांत गैर कांहीं नव्हतें. पण पुतण्या स्वतः कारभार पाहूं लागतांच चुलत्याला तो आपल्यावर अन्याय वाटूं लागला. 1762 मध्यें त्यानें निजामाचें साह्य घेऊन पुतण्याशीं युद्ध केलें. 1768 मध्यें धोडपला पराभव होऊन तो शनिवारवाड्यांत नजरकैदेंत पडला. दर वेळीं मागणें हक्काचें होतें, आणि दर वेळीं साधन अधिक हीन. 30 ऑगस्ट 1773 रोजीं गारद्यांनीं नारायणरावाचा वध केला, तेव्हां या वाटेचा बराच भाग चालून झाला होता. रामशास्त्र्यांनीं देहान्त प्रायश्चित्त सांगितलें. तरी दादा पेशवा झालाच. पुढें बारभाईंनीं त्याला हुसकावलें, आणि मार्च 1775 मध्यें सुरतेच्या तहानें साष्टी व वसई इंग्रजांना देऊं करून त्यानें त्यांची फौज मागितली. वसई घेण्यासाठीं चिमाजीअप्पांनीं केवढें रक्त सांडलें होतें! ते चिमाजीअप्पा दादाचे सख्खे चुलते.

मावळांतील स्वारीची कथा तशी थोडक्यांत आटोपते. सुमारे 4 हजारांचें सैन्य आणि ओझ्याचे 19 हजार बैल. घाटावर आल्यावर ही फौज मुंगीच्या पावलानें सरकत होती. कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनीं त्याचें शौर्य पाहून त्याला ‘इष्टुर फांकडा’ म्हटलें, आणि वडगांवास त्याचें स्थान लोकांनीं राखलें. शत्रूला असें नांव मिळालें. घरच्या माणसाला तें मिळालें नाहीं. 9 जानेवारीला फौज तळेगांवीं पोंचली, तों गांव जळालेलें. दादाच्या नांवानें सरदार येऊन मिळतील ही इंग्रजांची आशा फोल ठरली. 11 च्या रात्रीं जड तोफा तळ्यांत ढकलून फौज परत फिरली आणि वडगांवीं महादजी शिंद्यांच्या वेढ्यांत सांपडली.

तहाच्या बोलण्यांत पहिलें मागणें एकच होतें : दादा स्वाधीन करा. चार वर्षें ज्याच्या हक्कासाठीं लढत असल्याचें इंग्रज सांगत होते, त्याचा सौदा करावयास त्यांना फार वेळ लागला नाहीं. दादानें स्वतःच महादजीची छावणी गांठली. खाडिलकरांच्या कथानकांत हा प्रसंग नाहीं. तो रंगवावयाचा, तर गर्जना नको, शाप नको. एका छावणींतून दुसऱ्या छावणींत जाणारा एक उतारवयाचा माणूस पुरे. ज्यांनीं पेशवेदप्तराचे 45 खंड संपादिले, ते गोविंद सखाराम सरदेसाई निवृत्तीनंतर याच रस्त्यावरील कामशेतास राहत. 1959 मध्यें ते तेथेंच वारले.

महादजीनें त्याला झांशीकडे रवाना केलें असतां दादा वाटेंत निसटला आणि पुन्हां सुरतेस इंग्रजांकडेच गेला! सालबाईचा तह 1782 मध्यें झाल्यावर त्याला कोपरगांवास राहावें लागलें, आणि 1783 च्या डिसेंबरांत तेथेंच त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा दुसरा बाजीराव यानें 31 डिसेंबर 1802 रोजीं वसईस इंग्रजांशीं तह केला. पुढल्या मे महिन्यांत तो पुण्यास परतला, तो इंग्रजांच्याच पलटणींच्या बळावर.