लहान देशाची तटस्थता: पोर्तुगाल, टंगस्टन आणि मुरगाव

दुसऱ्या महायुद्धाच्या गप्पा निघाल्या की एक प्रश्न हमखास येतो. सारे जग पेटले असताना काही लहान देश बाजूला कसे राहिले? त्यांना भ्याड म्हणायचे की धूर्त? आपल्या जवळचे उदाहरण पोर्तुगालचे आहे, कारण तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये हुकूमशहा सालाझारने तटस्थता जाहीर केली. त्याची अडचण पाहा. इंग्लंडशी मैत्री १३७३ च्या तहापासूनची. समुद्रावर सत्ता इंग्रजांची, त्यामुळे त्यांच्याशी वैर म्हणजे व्यापार आणि वसाहती दोन्हींवर पाणी सोडणे. उलट इंग्रजांच्या बाजूने उतरावे, तर शेजारी स्पेनमध्ये हिटलरच्या मदतीने सत्तेवर आलेला फ्रँको. आणि १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर जर्मन फौजा स्पेनच्या सीमेला भिडलेल्या. गंमत म्हणजे इंग्रजांनाही ही तटस्थता सोयीची होती. पोर्तुगाल युद्धात उतरला असता तर त्याचे रक्षण त्यांच्याच गळ्यात पडले असते. तटस्थता नुसत्या लहानाच्या इच्छेने टिकत नाही. ती मोठ्यांनाही परवडावी लागते.

आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले, म्हणून टंगस्टनविषयी थोडे सांगतो. हा धातू ३४०० अंश सेल्सियसच्याही वर वितळतो. त्याचे कार्बाइड इतके कठीण, की पोलाद कापणारी हत्यारे आणि रणगाडे भेदणारे गोळे त्यापासून बनत. त्याचे खनिज पोर्तुगालात मुबलक होते आणि ते दोन्ही बाजूंना विकले गेले. जर्मनीकडून मोबदल्यात सोने आले. भाव कडाडले, शेतकरी शेती सोडून खाणींकडे धावले. पुढे जर्मनीची पीछेहाट सुरू झाली, तसा काटाही झुकला. ऑक्टोबर १९४३ मध्ये इंग्रजांना अझोर्स बेटांवर तळ मिळाला, तोही १३७३ च्या तहाच्या आधारे. जून १९४४ मध्ये टंगस्टनची निर्यात थांबली.

पण तटस्थता म्हणजे अभेद्य कवच नव्हे. पोर्तुगीज तिमोरमध्ये डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन व डच सैन्य उतरले, फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी आले, आणि हजारो स्थानिक लोक प्राणाला मुकले. मुरगाव बंदरात जर्मन आणि इटालियन जहाजे आश्रयाला होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी ‘एहरनफेल्स’वर छापा घातला. खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच बंदरात अमेरिका आणि जपान यांनी अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल केली. एकच बंदर, तटस्थतेचा भंगही तिथेच आणि उपयोगही तिथेच.

या हिशेबात गोव्याच्या किंवा तिमोरच्या लोकांना कुणी विचारले नव्हते, हेही विसरू नये. घरी नागरी स्वातंत्र्य नव्हतेच.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरण्याच्या वेळी सालाझारने त्याच जुन्या मैत्रीची आठवण इंग्रजांना करून दिली. इंग्रजांनी हात वर केले. गोवा मुक्त झाला, याचा आपल्याला आनंदच आहे. पण मुळातल्या प्रश्नाचे उत्तरही इथेच सापडते. मोठ्या मित्राला तह आठवतो तो त्याच्या गरजेच्या वेळी. लहान देश तटस्थ राहतो, कारण आपल्या गरजेच्या वेळी कोणी येईल याची त्याला खात्री नसते.