त्सुकुदानीची गोष्ट खरी की खोटी?

टोक्योत कामासाठी गेले होते, मध्ये एक दिवस मोकळा मिळाला. स्थानिक इतिहास आणि खाणं दाखवणाऱ्या एका पायी सहलीत नाव घातलं. आम्ही पाच जण, आणि साठी ओलांडलेल्या आमच्या गाईड बाई. त्या दिवशी माझी थोडी फजिती झाली. तिचा उपयोग तुम्हालाही होईल म्हणून लिहितेय.

सकाळी सुमिदा नदीच्या मुखाजवळच्या त्सुकुदाला पोचलो. मागे उंच टॉवर, पुढे लाल कठड्याचा छोटा पूल, बांधून ठेवलेल्या होड्या आणि १६४६ साली उभं राहिलेलं सुमियोशी देऊळ. पलीकडच्या गल्लीत त्सुकुदानीची जुनी दुकानं आहेत. त्सुकुदानी म्हणजे छोटे मासे, कोळंबी, शिंपल्यांचं मांस किंवा समुद्री शेवाळ सोया सॉस आणि साखरेत आटवून केलेला पदार्थ. चव खारट-गोड, एकदम तीव्र. गरम भाताबरोबर चिमूटभर पुरतो आणि टिकतोही पुष्कळ.

दुकानासमोर उभं राहून बाईंनी गोष्ट सांगितली. ओसाकाजवळच्या त्सुकुदा गावच्या कोळ्यांनी अडचणीत सापडलेल्या तोकुगावा इएयासूला नदी पार करायला होड्या दिल्या आणि सोबत टिकाऊ शिजवलेले मासेही दिले. पुढे इएयासू एदोत, म्हणजे आजच्या टोक्योत, आला तेव्हा त्याने उपकार स्मरून तीसेक कोळ्यांना बोलावून घेतलं. त्यांनी १६४० च्या दशकात खाडीत भराव घालून बेट तयार केलं आणि त्याला आपल्या गावाचंच नाव दिलं.

मी लगेच हात वर केला. म्हटलं, इएयासूच्या काळात एदोत चांगला सोया सॉस ओसाकाच्या बाजूने यायचा आणि तो महाग होता. नोदा-चोशीचा जवळचा, स्वस्त सॉस नंतर पसरला. मग गरीब कोळी त्यात मासे कसे आटवतील? म्हणजे गोष्ट खोटी.

बाई हसल्या. म्हणाल्या, "आधी मिठात शिजवत असत, असंही सांगतात. पण ही गोष्ट इतकी वर्षं जपायची गरज कोणाला होती, ते नाही विचारलंत?"

मी गप्प. उत्तर त्यांनीच दिलं. त्सुकुदाच्या कोळ्यांना एदोच्या पाण्यात मासेमारीचे खास हक्क होते. बदल्यात ते हिवाळ्यात शिराउओ नावाचे बोटभर पारदर्शक मासे शोगुनच्या किल्ल्यावर पाठवत. इतर गावांशी वाद झाला की 'आमचं नातं थेट इएयासूशी' हे सांगता येणं म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. मराठ्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना इथे कैफियती आठवतील. घराण्याच्या मूळपुरुषाची कथा येते आणि तिच्या पोटात वतनाचा दावा असतो.

म्हणजे मी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. सोया सॉसच्या तपशिलावरून एवढंच ठरतं की गोष्टीवर नंतरच्या काळाचा थर चढलाय. पण तो थर हाही पुरावाच. गोष्ट १५८० च्या दशकाबद्दल कमी सांगते आणि ती सांगत राहिलेल्या माणसांबद्दल जास्त.

दुपारी शेजारच्या त्सुकिशिमात मोंजायाकी खाल्लं. पातळ पीठ आणि कोबी तापलेल्या पत्र्यावर परतायचं आणि छोट्या उलथन्याने खरवडून खायचं. ही जमीन १८९२ साली भराव घालून झाली आणि पुढे तिथे कारखान्यांची, कामगारांची वस्ती वाढली. मोंजाच्या कथेत शोगुन नाही. पोरं पिठाने पत्र्यावर 'मोजी', म्हणजे अक्षरं, काढायची, त्यावरून नाव पडलं असं म्हणतात. माझा तर्क असा की इथे कुठला हक्क सिद्ध करायचा नव्हता, म्हणून राजाही लागला नाही.

परतताना नदीकाठी जुन्या नावेच्या धक्क्याची खूण दिसली. १९६४ साली पूल झाला आणि नाव बंद पडली. त्याआधी १९६२ मध्ये टोक्यो खाडीतल्या मच्छीमारांनी भरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडले होते. हक्क गेला, गोष्ट मात्र दुकानाच्या दारात अजून सांगितली जाते. आता तिच्यावर त्सुकुदानी विकली जाते!

तेव्हा फील्डवर्कला जाल तेव्हा वहीत तीन रकाने आखा: काय सांगितलं, कोणी सांगितलं, त्यातून कोणाचं काय टिकतं. माझ्या वहीत त्या दिवशी फक्त पहिलाच रकाना होता. बाकीचे दोन हॉटेलवर येऊन आखले.