तीन आगगाड्या आणि एक आक्षेप

हिंदी चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय साहस-विनोदपटांविषयी एक आक्षेप इतक्या वेळा घेतला गेला आहे की, तो आता सिद्धान्तासारखा मानला जातो. या चित्रपटांत देखावा कथेवर कुरघोडी करतो, हा तो आक्षेप होय. रोहित शेट्टी दिग्दर्शित ‘चेन्नई एक्स्प्रेस’ २०१३ च्या ऑगस्टमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हाही हाच निवाडा ऐकू आला, आणि त्याच वेळी चित्रपटगृहेही भरून वाहिली. निवाडा खोटा नाही; परंतु तो अपुरा आहे. कथेस दुय्यम लेखणारा देखावा ही अलीकडील बाजारी वृत्तीची निपज नसून, भारतात चित्रपट आला तेव्हाच त्याच्यासमवेत आलेली गोष्ट आहे. या परंपरेचा इतिहास ध्यानी घेतल्याखेरीज तिच्यातील सरस-नीरस निवडता येणार नाही.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा जो खेळ झाला, त्यात स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीची एक फीत होती. तीत नायक नव्हता, खलनायक नव्हता, कथानक तर नव्हतेच. गाडी येते, माणसे चढउतार करतात, एवढेच. आणि ते हलताना दिसते, हाच चमत्कार. पुढे १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणून या चमत्कारास कथेची जोड दिली. परंतु ती कथा प्रेक्षकांच्या घरचीच होती. ‘लंकादहन’ (१९१७) किंवा ‘कालियामर्दन’ (१९१९) पाहावयास येणाऱ्यास पुढे काय घडणार याची उत्कंठा नव्हती. ते कसे दिसणार याची होती. तमाशात वगाच्या आधी येणारी बतावणीही कथानकावर उभी नसते, हजरजबाबीपणावर उभी असते. तिच्या रंजनास कथेचा अभाव असे कोणी म्हणत नाही.

बोलपट आल्यानंतर शब्दांचे महत्त्व वाढले. तरीही देखाव्याची परंपरा खंडित झाली नाही. जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंच्या ‘वाडिया मूव्हीटोन’ने १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ काढला आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेल्या मेरी इव्हान्स ‘नाडिया’ या नावाने घरोघरी पोहोचल्या. दुसऱ्याच वर्षी होमी वाडिया यांचा ‘मिस फ्रंटियर मेल’ आला. मुंबईहून पेशावरकडे धावणाऱ्या प्रसिद्ध गाडीचे नाव घेतलेल्या या चित्रपटात रेल्वेविरुद्धच्या कारस्थानाचे कथानक आहे. ते आज कोणाच्या फारसे स्मरणात नाही. स्मरणात राहते ती धावत्या गाडीच्या टपावर गुंडांशी झुंजणारी नाडिया. तिचे हिंदी उच्चार परकीय होते. संवाद जे सांगू शकत नव्हते, ते तिच्या देहाने सांगितले. ही साहसे ती स्वतः करीत असे. स्त्री अबला आहे, या समजुतीचे खंडन एखाद्या सामाजिक बोलपटाने दीर्घ संभाषणांतून केले असते. येथे ते टपावरील एका झटापटीत झाले. त्या ठिकाणी देखाव्याने कथेस हटविले नाही, तर कथेचे कार्य स्वतःकडे घेतले.

अॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या सहा अंगांत कथानकास अग्रस्थान दिले आणि दृश्यसज्जेचा काव्यकलेशी संबंध सर्वांत कमी मानला. आपल्या चित्रपटसमीक्षेची कसोटी बहुधा हीच राहिली. भरताच्या नाट्यशास्त्रात मात्र आंगिक अभिनय वाचिकाच्या पंक्तीत बसतो, आणि हास्य व अद्भुत यांना स्वतंत्र रसांचे स्थान आहे. या दुसऱ्या कसोटीवर साहस-विनोदपटाची परीक्षा सोपी होत नाही. उलट अधिक कठोर होते. देखावा आहे काय, एवढे विचारून मग भागत नाही. तो काय करतो, हे विचारावे लागते.

‘चेन्नई एक्स्प्रेस’मधील गाडीस हा प्रश्न विचारून पाहावा. आजोबांच्या अस्थी रामेश्वरास नेण्याच्या मिषाने निघालेला नायक आणि घर सोडून पळालेली, पण वडिलांच्या माणसांनी पुन्हा पकडलेली तमिळ नायिका एका डब्यात येतात. त्या माणसांना हिंदी कळत नाही, म्हणून ही दोघे हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर आपले बोलणे बसवून परस्परांशी संवाद साधतात. गाण्यांची सामाईक स्मृती हीच येथे भाषा होते. हा विनोद कथेबाहेरचा नव्हे. भिन्नभाषिकांच्या देशाविषयी तो काही सांगून जातो. पुणे-सोलापूरवरून जावयाची ही गाडी लोंढा-कुळे घाटातील दूधसागर धबधब्यापाशी दिसते. तेही अद्भुताच्या राज्यात क्षम्य मानता येईल.

भूगोलाशी घेतलेले स्वातंत्र्य माणसांशी घेतले जाते, तेव्हा मात्र दोष उत्पन्न होतो. गाडीतून उतरल्यावर तमिळ प्रदेश हा कोयते घेतलेल्या धिप्पाड पुरुषांचा आणि न कळणाऱ्या आवाजांचा एक रंगीत पडदा बनतो. एक प्राचीन वाङ्मयीन भाषा केवळ हशा पिकविण्याचे साधन ठरते. अखेरीस नायिकेच्या इच्छेचा मान राखावा, असे नायक तिच्या पित्यास बजावतो, आणि द्वंद्वही तोच करतो. जिच्या स्वातंत्र्याचा हा प्रश्न, ती पाहत राहते. १९३६ मध्ये स्त्री गाडीच्या टपावर होती. २०१३ मध्ये ती बघ्यांच्या गर्दीत आहे. या चित्रपटाचे खरे उणेपण कथेच्या अशक्तपणात नसून या पीछेहाटीत आहे, आणि केवळ कथानक मोजणाऱ्या समीक्षेस ते दिसणे कठीण.

या उपेक्षेची किंमत इतिहासानेही मोजली आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर मूकपटांपैकी बहुसंख्य नष्ट झाले होते. काही ज्वालाग्राही फितींना लागलेल्या आगीत गेले, काही फितींतील चांदीसाठी विकले गेले. जे जपण्याजोगे कोणी मानले नाही, ते सर्वांत आधी गेले. लोकांनी जे आवडीने पाहिले, त्याची छाननी करण्यास समीक्षक कमीपणा मानीत राहिले, तर त्या आवडीचा इतिहास तिकीटविक्रीच्या आकड्यांपुरताच शिल्लक राहील. आणि देखावा केव्हा माणसास उंच करतो व केव्हा त्यास नेपथ्य करून टाकतो, हे सांगणारा कोणी उरणार नाही.