अँटीव्हायरसचा रतीब

अँटीव्हायरस घ्यायला दुकानात गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘सगळ्यात चांगला कुठला?’ हा. मिक्सर घेताना हा प्रश्न ठीक आहे, कारण एकदा आणलेला मिक्सर वर्षानुवर्षे तोच राहतो. अँटीव्हायरस खोक्यात मिळाला तरी आणल्या दिवसापासून शिळा व्हायला लागतो. घरगुती संगणकाच्या संरक्षणाचा गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला, तर या मालाची जात मिक्सरची नसून दुधाच्या रतिबाची आहे हे दिसते. रतीब लावताना आपण दुधाइतकेच घालणाऱ्याकडेही बघतो. रोज येतो का, वेळेवर येतो का, पाणी तर घालत नाही ना? अँटीव्हायरस निवडताना आणि बिघडल्यावर दुरुस्त करताना हेच प्रश्न कामाचे आहेत.

सुरुवात रतिबाने झाली नव्हती. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस समजला जाणारा ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. त्यात त्यांनी स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. ३६० केबीच्या फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, तो ठाण मांडून बसे. तिथला मूळ मजकूर तो फ्लॉपीवरच दुसरीकडे हलवून ठेवी. कुणी तपासणीसाठी बूट सेक्टर वाचायला गेला की ब्रेन ती मागणी मधेच अडवी आणि बाजूला ठेवलेला शुद्ध मजकूर पुढे करी. झडतीला आलेल्या शिपायाला चोराने शेजारचे घर दाखवावे, तसा हा प्रकार. त्यामुळे दुरुस्तीचा एक नियम तेव्हाच पक्का झाला. यंत्र पूर्ण बंद करायचे आणि स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचे. तिच्यावर काही लिहिले जाऊ नये म्हणून कडेची खाच आधी चिकटपट्टीने बुजवायची. व्हायरस जागा होण्याआधी तपासणारा जागा हवा, हे त्यामागचे तत्त्व. आजच्या विंडोजमधला ‘ऑफलाइन स्कॅन’ संगणक पुन्हा सुरू करून हेच करतो. चालू संगणकात पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या व्हायरसवर आजही तोच पहिला उपाय आहे.

मग एकदाच पक्का पहारेकरी का बसवला नाही? याचे उत्तर अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या निबंधात दिले. व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम आहे असे समजा. आता दुसरा एक प्रोग्राम त्यालाच विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर तो गप्प बसतो आणि ‘नाही’ आले तर पसरतो. म्हणजे पहारेकऱ्याचे उत्तर दोन्ही वेळा चुकते. प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारी युक्ती तत्त्वतःच अशक्य ठरल्यावर उरते ती यादी. दिसलेल्या चोरांच्या खुणा टिपायच्या आणि नवा दिसला की भर घालायची. म्हणूनच १९८७ च्या सुमारास या धंद्यात उतरलेल्यांना एकदा विकून मोकळे होता आले नाही. यादी वाढत राहिली आणि ती पोचवणे हाच व्यवसाय झाला.

पुण्यातली कथा या अर्थाने बोलकी आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत आणि पुढे संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस निघत. संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय यांनी, ते काढण्यासाठी प्रोग्राम लिहिले. त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. २००७ मध्ये कंपनीने हेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. दुरुस्तीच्या दुकानातून हा माल निघाला, यात नवल नाही. यंत्र उघडणाऱ्याकडेच नवा व्हायरस आधी पोचतो आणि त्याच्याकडेच गिऱ्हाईक परत येते.

यावर आक्षेप असा, की हा सगळा भीतीचा बाजार आहे. त्याला आधारही आहे. ६ मार्च १९९२ ला ‘मायकेलअँजेलो’ व्हायरस पन्नास लाखांपर्यंत संगणक बाद करील अशी भाकिते छापून आली. प्रत्यक्षात नुकसान हजारांतच मोजावे लागले. पण २६ एप्रिल १९९९ ला ‘सीआयएच’ने हार्ड डिस्कवरचा मजकूर तर पुसलाच, शिवाय कित्येक यंत्रांची बायोस चिपही बिघडवली. अशी यंत्रे सुरूच होईनात. तेव्हा भीती दाखवून विकणाऱ्यावर अविश्वास जरूर ठेवावा, पण त्यामुळे धोका खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विंडोजमध्येच अँटीव्हायरस असताना विकत का घ्यावा? २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर संगणकासोबतच येतो, आणि साध्या घरगुती वापराला बहुतेकदा तो पुरतो हे मान्य करावे लागते. पण यातून रतीब संपत नाही, फक्त घालणारा बदलतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजमधल्या ज्या फटीतून पसरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. हल्लीचे अँटीव्हायरस केवळ यादीवर न विसंबता प्रोग्रामची वागणूकही पाहतात. ते पाहण्याचे निकषही मात्र सतत नव्याने यावे लागतात, आणि कोहेन यांची मर्यादा त्यांनाही चुकत नाही.

रतिबात भेसळही होते. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल व्हायरस ठरवली, आणि अनेक संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहिले. म्हणून अपडेटनंतर लगेच संगणक बिघडला तर संशय अँटीव्हायरसवरही घ्यावा. संगणक मंदावला तर आधी दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालू नाहीत ना ते पाहावे. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना अडवतात आणि एकमेकांच्या पायात येतात. नवा बसवण्याआधी जुना कंपनीच्याच साधनाने मुळासकट काढावा. पहारेकरी जागा आहे का हे पाहायला ‘आयकार’ची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-ओळ आहे. फाइलमध्ये ठेवली की चालू अँटीव्हायरसने तिला पकडायलाच हवे. पण ती जुनी ओळ शिळ्या यादीतही असते. पहारेकऱ्याच्या हातातली यादी ताजी आहे का हे तिच्यावरून कळत नाही. ते कळते शेवटच्या अपडेटच्या तारखेवरून. ती तारीख गेल्या महिन्याची असेल तर खोक्यावर कुणाचे नाव आहे याने फारसा फरक पडत नाही.